ओव्याची गोष्ट मी फक्त पाळकांना सांगितली होती

माझे यजमान 2017च्या डिसेंबरात गेले. त्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली. पित्त झालं असेल म्हणून मी त्यांना ओवा चावायला दिला, वर गरम पाणी दिलं आणि झोपा म्हटलं. पहाटे ते गेले. ओव्याची ही गोष्ट मी पोटच्या मुलीलाही सांगितली नव्हती. दोन महिन्यांनी आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना सांगितली, प्रार्थनेच्या खोलीत, रडत. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, हे आता प्रभू, तुम्ही आणि मी, तिघांतच राहील."

एप्रिलमध्ये शुक्रवारच्या उपवास प्रार्थनेला बाहेरगावाहून एक संदेष्टे आले, म्हणजे देव आपल्याला गुपितं प्रकट करतो असं सांगणारे. शे-दीडशे माणसं बसलेली. ते बोलता बोलता थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "इथं एक विधवा बहीण आहे. तिच्या मनावर एका रात्रीचं ओझं आहे. मला ओव्याचा वास येतोय."

माझे पाय लटपटायला लागले. मी उभी राहिले. ते म्हणाले, प्रभूने क्षमा केली आहे, पण तुझ्या घरावर शाप बसलाय. त्याच्या मंदिरासाठी बी पेर, म्हणजे चर्च बांधायला पैसे दे, मग तो तुटेल. त्याच आठवड्यात यजमानांच्या फंडाच्या पैशांतून मी चार लाखांचा चेक दिला. चर्चच्या ट्रस्टच्या नावाने लिहीत होते तर पास्टर म्हणाले, "ट्रस्टच्या खात्यात फार कागदपत्रं लागतात, माझ्या नावाने लिहा." मी लिहिला. नंतर साठ हजार रोख दिले. त्याची पावती मागायला मला लाज वाटली.

मी नगर जिल्ह्यातल्या तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी सभा व्हायची आणि खजिनदार जमाखर्च मोठ्याने वाचायचे: कंदिलाचं तेल, खिळ्यांची पुडी, कापणीच्या सणाला आलेली बाजरी किती पायली आणि कितीला विकली. हिशेब जुळला नाही तर पाळकसाहेबांनाही उभं राहून सांगावं लागायचं. हे सगळं बघत मी वाढले. तरीही पुण्याला आल्यावर, गाण्यांनी आणि आपुलकीने भारावून, जिथे वार्षिक सभाच होत नाही अशा मंडळीत अकरा वर्षं बसले आणि एकदाही विचारलं नाही. हे माझ्या मनाला फार लागलंय.

डोळे उघडले ते 2019च्या नाताळाच्या स्वयंपाकात. कांदे चिरताना गाणाऱ्या मुलींपैकी एकजण म्हणाली, "काकू, माझं पोट पडलं होतं ते मी फक्त पास्टरना सांगितलं होतं. महिन्याभराने त्याच संदेष्ट्यांना ते प्रकट झालं." मी हातातली सुरी खाली ठेवली. तिनेही पैसे दिले होते, मंगळसूत्राच्या वाट्या मोडून.

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठं काहीतरी गेलं. माणूस देवापुढे जे उघडं करतो, ते कुणीतरी वहीत टिपून ठेवलं आणि आमच्याच अंगावर सोडलं. आजही प्रार्थनेला बसले की मी शब्द मोजते. चार लाख कधीतरी परत येतील, पण ही भीती केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

मी हिशेब मागितला. रविवारी नाही, चारचौघांत नाही, घरी जाऊन नम्रपणे. पास्टरनी बायबल उघडून 105वं स्तोत्र दाखवलं, माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका. पुढच्या महिन्यात प्रभूभोजनाचा पेला मला न देता माझ्यापुढून तसाच गेला. मग कानावर आलं की माझ्यात ईजबेलचा, बायबलमधल्या त्या दुष्ट राणीचा, आत्मा आहे.

या एका वचनाने किती लोकांची तोंडं बंद झाली असतील! म्हणून सांगते, तो अध्याय घरी बसून स्वतः वाचा. तिथे अभिषिक्त कोण आहेत? अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडके, परक्या देशात भटकणारे, जमीन नसलेले. आणि दटावलंय कुणाला? राजांना. ते वचन दुबळ्यांना बलवानांपासून वाचवण्यासाठी आहे, विधवेच्या प्रश्नापासून पाळकाला वाचवण्यासाठी नाही. दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरं, पण त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, तू माझ्यावर अन्याय करतोस, हे त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं. प्रेषित पौलाने तर यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले पैसे नेताना सोबत दुसरी माणसं घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आणि त्यानेच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको असं आहे, तर पुढच्याच ओवीत पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष दे असं आहे. आम्हाला कायम पहिलीच ओवी ऐकवली जायची.

हे आमच्याच गल्लीतलं आहे असंही नाही. मद्रासला जन्मलेले ख्रिस्ती प्रचारक रवी झकरायस जगभर व्याख्यानं देत. 2020 साली ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं बाहेर आलं. एका स्त्रीला त्यांनी सांगितलं होतं की तू बोललीस तर लाखो आत्मे तारणाला मुकतील आणि ते तुझ्या डोक्यावर येईल. हे वाचलं तेव्हा मला संदेष्ट्यांची ती उपवास प्रार्थना आठवली. भाषा तीच. पंजाबात स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या बजिंदर सिंगला मोहालीच्या न्यायालयाने 2025 साली बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप दिली. तक्रार 2018ची होती. ती बाई तेवढी वर्षं उभी राहिली.

मग मी काय केलं? मंदिरासाठी घेतलेल्या जमिनीचा गट नंबर माझ्याकडे होता, कारण तिथे प्रार्थनेला आम्ही सगळे गेलो होतो. मुलीने सातबारा काढला. जमीन पास्टर आणि त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर. ट्रस्ट नोंदलेला होता, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चार वर्षांचे लेखापरीक्षण अहवालच दिलेले नव्हते. विश्वस्तांत नवरा, बायको आणि तोच मेव्हणा.

महाराष्ट्रात 1950चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम चर्चच्या ट्रस्टलाही लागू आहे, हे मला साठीला आल्यावर कळलं. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. कलम 36 प्रमाणे ट्रस्टची जागा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आणि म्हणूनच जमीन ट्रस्टच्या नावावर आली की नाही हे आधी बघा. आली नसेल तर हे कलम तिथवर पोचतच नाही. कलम 41ड प्रमाणे वारंवार हिशेब न देणाऱ्या, पैशांची अफरातफर करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढता येतं, आणि ट्रस्टशी हितसंबंध असलेली व्यक्ती तसा अर्ज करू शकते. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही कळलं तर मंडळीच्या कमिटीकडे जात बसू नका. 2012च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही आणि तुम्हालाही.

पोलीस चौकीत आधी "हा तुमचा धर्माचा वाद" म्हणून परत पाठवलं. पास्टरच्या वैयक्तिक नावाचा चेक दाखवल्यावर अर्ज घेतला. जी चूक मी केली होती तीच पुरावा ठरली. रोख साठ हजारांचा मात्र कुठेच पत्ता नाही.

मध्यंतरी मंडळीचे दोन वडील घरी आले. एक लाख रोख आणि स्टँप पेपर, आमची काही तक्रार नाही असा. चहा दिला, सही दिली नाही.

मी कुणाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. अर्जावर आम्ही पाच जणींनी सह्या केल्या आहेत. त्यात ती गाणारी मुलगी आहे. गेल्या तारखेला तिने एक यादी आणली होती: कुणी कुठली गोष्ट पास्टरना कधी सांगितली आणि ती किती दिवसांनी प्रकट झाली. अकरा नावं झाली आहेत. तिसऱ्या नंबरला माझं आहे, पुढे एकच शब्द, ओवा.