डोंगल सोडून स्क्रायबस आणि लिबरऑफिस : एका डीटीपी सेंटरचा हिशोब

सांगलीत आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम चालतं. पुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि पावसाळ्यात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. गेल्या दिवाळी अंकांची धावपळ संपली तेव्हा पुस्तकांचं आणि अहवालांचं सगळं काम आम्ही स्क्रायबस (पानं लावायचं) आणि लिबरऑफिस (मजकुराचं आणि तक्त्यांचं) या दोन मुक्त, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आणि खुल्या कोडच्या, सॉफ्टवेअरवर आणलं. अहवालांचा पूर्ण हंगाम आता त्यावर पार पडलाय, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फुकट मिळतं म्हणून घ्या, असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. आम्हाला ते फुकट पडलेलं नाही. तरीही आम्ही मागे जाणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींची कारणं सांगायची आहेत.

आधी जुन्या व्यवस्थेबद्दल. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट आम्ही रीतसर पावती घेऊन विकत घेतले होते. त्यासोबत डोंगल आलं. नव्या पिढीने ते पाहिलंही नसेल : काडेपेटीहून लहान डबी, सुरुवातीच्या काळात प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायची, पुढे यूएसबीवर आली. प्रोग्राम सुरू होताना आणि मधूनमधून त्या डबीला विचारणा करतो, उत्तर मिळालं नाही की बंद पडतो. कॉम्प्युटर बदलला तेव्हा नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नव्हता. ६४ बिटच्या विंडोजवर जुन्या डबीचा ड्रायव्हर चालत नव्हता. कंपनीचं म्हणणं, नवी आवृत्ती घ्या. घेतली. मग ऐन अहवालांच्या दिवसांत यूएसबीची डबी निकामी झाली. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हातात पडावा लागतो, त्यामुळे त्या आठवड्यांत मशीन बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. डबी बदलून मिळेल, पण जुनी डबी आधी कुरियरने पाठवा, तपासू, मग नवी देऊ, असं उत्तर मिळालं. मधल्या दिवसांत काम कसं करायचं, याला उत्तर नव्हतं.

त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली कॉपी बाजारात सर्रास चालते. तिला डबी लागत नाही, पोर्ट लागत नाही, कुरियर लागत नाही. म्हणजे कुलपाचा त्रास सगळा पैसे भरणाऱ्याला. कॉपीविरोधी उपायांबद्दल माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती कुठल्या एका कंपनीपुरती नाही. या पद्धतीतच ती आहे.

पण म्हणून फॉन्ट बनवणाऱ्याने कुलूप लावूच नये, असं मी म्हणणार नाही. देवनागरीचा एक चांगला फॉन्ट म्हणजे कित्येक शे आकार. प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक अर्धं अक्षर, रफार, त्यावर अनुस्वार, उकार कुठे अडकेल, वेलांटी किती लांब जाईल, हे सगळं कुणीतरी डोळे फोडून काढलेलं असतं. एकाने विकत घ्यावं आणि सीडीवरून अख्ख्या पेठेने वापरावं, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं. मराठी अक्षरावर आयुष्य घालवणाऱ्यांचं त्यात खरंच नुकसान झालं. त्या माणसांचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही दोन्ही बाजू बघतो. कलम ५२ कायदेशीर ताबा असणाऱ्याला बिघाड किंवा नाश यांपासून बचाव म्हणून प्रोग्रामची बॅकअप कॉपी करू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. कागदावर हा तोल ठीक आहे. प्रत्यक्षात बॅकअपचा हक्क घेऊन मी करणार काय? सीडीची कॉपी झाली तरी डबीची होत नाही.

तरीही केवळ डबीसाठी आम्ही एवढा खटाटोप केला नसता. खरं कुलूप दुसरीकडेच होतं आणि ते आमच्याच मजकुराला लागलेलं होतं. मराठी डीटीपीत मुरलेल्यांना हे माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. पानं लावायचा जुना प्रोग्राम पेजमेकर, त्याची शेवटची आवृत्ती ७, २००१ ची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, त्याला कधीच आलं नाही. देवनागरी तर युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपला धंदा पेजमेकरवर आणि कोरलवर (कोरलड्रॉ, डिझाइनचा प्रोग्राम) उभा होता, त्यामुळे फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना पडद्यावर ‘क’ किंवा अर्धा ‘स’ म्हणून दाखवतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट काढून घेतला की पुस्तक वाचता येत नाही, शोधता येत नाही, ई-बुक करता येत नाही. आमच्या हार्डडिस्कवर दोन दशकांची पुस्तकं अशी पडून होती. त्यातले काही लेखक आता हयात नाहीत. एका लेखिकेच्या मुलीने आईच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून विचारलं, तेव्हा तो सबंध संग्रह एका डबीच्या मर्जीवर उघडत होता.

म्हणून आमच्या हिशोबातला सर्वांत मोठा आकडा सॉफ्टवेअरचा नाही, जुनं मॅटर सोडवण्याचा, म्हणजे जुन्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा आहे. इथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी जे करून ठेवलंय त्याला मी मनापासून हात जोडते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ या उपक्रमात काही मंडळींनी पेजमेकर, कोरलड्रॉ, क्वार्क यांच्या फाइलींची आतली रचना, मूळ कंपनीची मदत नसताना, उलगडून वाचण्याच्या लायब्ररी लिहिल्या. लिबरऑफिसमधला चित्रांचा प्रोग्राम ड्रॉ त्याच वापरतो. आमच्या बहुतेक पेजमेकर फाइली त्यात उघडल्या. चौकटी थोड्या सरकतात, पण मजकूर हाती येतो.

तो मजकूर अर्थातच इंग्रजी कचरा दिसतो. त्याचं युनिकोड करायला एका इंजिनिअर मुलाकडून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहून घेतला. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराचं उलट : दिसतो शेवटी, साठवायचा आधी. हे अदलाबदलीचे नियम जमले की नव्वद टक्क्यांचं समाधान मिळतं आणि उरलेलं जीव खातं. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य हमखास ‘र्य’ होऊन येतो. ‘सिद्ध’चा ‘सिध्द’ होतो, कारण जुन्या ऑपरेटरांनी दिसायला बरोबर वाटेल तसे तुकडे जोडलेले असतात. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाचं प्रूफ नव्याने, सगळं, अक्षर न् अक्षर वाचावं लागलं. एका अनुभवी माणसाचा दोन महिन्यांहून जास्त पगार यातच गेला आणि अजून निम्मी हार्डडिस्क शिल्लक आहे.

दुसरा खर्च हातांचा. आमचे ज्येष्ठ ऑपरेटर काका टाइपरायटरच्या मांडणीवर वाढलेले, बोटं मशीनसारखी चालतात. त्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिका म्हणणं म्हणजे उमेदवारीपासून सुरुवात करा म्हणणं. ऑपरेटरचा मोबदला पानामागे असतो. वेग निम्म्यावर आला की त्यांचं घर निम्म्यावर चालतं. आम्ही पहिले तीन महिने त्यांचा मोबदला जुन्या सरासरीने दिला आणि टाइपरायटरची मांडणी युनिकोडवर बसवून घेतली, जेणेकरून बोटं तीच राहावीत. ज्यांना हा बदल करायचाय त्यांनी ही रक्कम आधी बाजूला काढावी. ती कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, आणि ती वाचवायला गेलात तर ती तुमच्या सर्वांत चांगल्या माणसाच्या खिशातून जाते.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. स्क्रायबसची १.४ आवृत्ती मराठीसाठी निरुपयोगी होती, जोडाक्षरं सुटी पडायची. २०१७ च्या १.५.३ मध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय आली. ती अरबीच्या गरजेतून, ओमानमधल्या विकासकांच्या मेहनतीने आली आणि त्याच कामाचा लाभ देवनागरीला झाला. आतमध्ये हार्फबझ नावाचं इंजिन अक्षरं जुळवतं, लिबरऑफिसमध्येही तेच. २०२४ च्या सुरुवातीला आलेली १.६ आम्ही वापरतो. पुस्तकाची पानं सुबक लागतात, मास्टर पेज आणि स्टाइल नीट चालतात, पीडीएफ/एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) थेट निघतं आणि आमच्या सीटीपीवाल्यांनी, म्हणजे फाइलीवरून छपाईची प्लेट काढणाऱ्यांनी, प्लेटबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही.

त्रास दोन. मोठं पुस्तक एका फाइलीत ठेवलं की स्क्रायबस गुडघे टेकतं, एक करेक्शन केलं की थांबून राहावं लागतं. आम्ही प्रकरणांप्रमाणे फाइली करतो. आणि तक्ते! ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, अंदाजपत्रक, कर्ज थकबाकीचा तक्ता, म्हणजे पतसंस्थेच्या अहवालातला अर्धा भाग, स्क्रायबसच्या तक्त्यांत बसवणं हाल आहेत. शेवटी अहवाल संपूर्ण लिबरऑफिसमध्ये करायचं ठरवलं. संस्थेचा अकाउंटंट एक्सेलमध्ये आकडे देतो, ते लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (तक्त्यांचा प्रोग्राम) घ्यायचे, तिथून रायटरमध्ये (मजकुराचा). आतली पानं एकरंगीच असतात, त्यामुळे चार रंगांची भानगड नाही. कव्हर मात्र स्क्रायबसमध्ये, कारण इंकस्केप या चित्रांच्या मुक्त प्रोग्रामचं मूळ काम आरजीबीत (पडद्याचे रंग) चालतं आणि छपाईला सीएमवायके (शाईचे चार रंग) लागतं.

शुद्धलेखन तपासनीस आहे, स्वयंसेवकांनी केलेला. मराठी शब्दाला प्रत्यय लागून इतकी रूपं होतात की बरोबर शब्दांखालीही लाल रेघा येतात. आम्ही आमचा शब्दसंग्रह त्यात भरत जातो.

फॉन्टच्या बाबतीत मात्र आनंद आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ आणि ‘बलू’, ‘टिरो देवनागरी मराठी’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, हे सगळे खुल्या परवान्याचे. पुस्तकात वापरा, पीडीएफमध्ये घाला, कितीही मशीनवर टाका, हवे तर आकार बदला. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात सांगितलेले मराठी वळणाचे ल आणि श ‘टिरो’च्या मराठी अवतारात आपोआप येतात. इतर काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली की येतात. शालेय कामात याला फार महत्त्व आहे. उणीव आहे ती लग्नपत्रिकांच्या सुलेखनी फॉन्टांची, आणि पुस्तकाच्या मजकुरासाठी तीन-चार जाडींत मिळणाऱ्या, बारीक आकारात न शिणवणाऱ्या अक्षरांची. तिथे आम्ही आजही पैसे देऊन युनिकोड फॉन्ट घेतो, आनंदाने घेतो, आणि त्यांना डबी नाही.

राहिला सर्वांत दुर्लक्षित खर्च : हे सगळं जिवंत ठेवणाऱ्या माणसांचा. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक सापडली. जगातल्या असंख्य वेबसाइट ज्या कोडवर सुरक्षित समजल्या जात होत्या, त्याला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास हळूहळू मिळवून कुणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने केला म्हणून तो पकडला गेला. माझा छापखान्याचा मजकूर अशाच माणसांच्या श्रमावर उभा आहे. बंगळुरूच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ते मोलाचं आहे. पण आपल्यासारख्या लहान धंद्यांनीही द्यायला हवं. पूर्वी वार्षिक देखभालीचे जे पैसे भरायचो, त्यातला अर्धा भाग आम्ही आता स्क्रायबस आणि लिबरऑफिसमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशनला देणगी म्हणून पाठवतो. उरलेला त्या इंजिनिअर मुलाला जातो. एकूण रोख खर्च यंदा जुन्या व्यवस्थेपेक्षा जास्तच झाला. पुढच्या वर्षी कमी होईल, कारण यंदाचा मोठा भाग मॅटर सोडवण्याचा आणि शिकण्याचा होता, आणि सोडवलेलं पुस्तक पुन्हा सोडवावं लागत नाही.

पत्रिका, फ्लेक्स, बॅनर हाच मुख्य धंदा असेल तर घाई करू नका. गिऱ्हाईक आणि फ्लेक्सवाले दोघेही कोरलची फाइल मागतात. आम्हीही परवान्याचं विंडोज आणि कोरल असलेलं एक मशीन त्यासाठी ठेवलंय. पुस्तकं आणि अहवाल करणाऱ्यांनी मात्र एका नव्या पुस्तकापासून सुरुवात करावी, जुन्यापासून नको, आणि ज्याला थोडंफार प्रोग्रामिंग येतं असा माणूस हाताशी असल्याशिवाय तर नकोच. जुन्या डबीवरचं मशीनही मॅटर सोडवून होईपर्यंत मोडीत काढू नका, कारण प्रूफ ताडायला मूळ पान दिसावं लागतं.

जुन्या मजकुराचं युनिकोड करणारा आमचा तो पायथनचा प्रोग्राम, म्हणजे कन्व्हर्टर, आम्ही खुला करणार आहोत. सध्या तो एकाच कंपनीच्या फॉन्टमांडणीवर चालतो. दुसऱ्या मांडणीची जुनी पुस्तकं ज्यांच्याकडे असतील त्यांनी एखादं पान आणि त्याची छापील प्रत जपून ठेवावी, नियम लिहायला तेवढं पुरतं.