ठाण्याहून अमरावती: समृद्धी धरायचा की धुळ्याचा जुना रस्ता?

दिवाळी आली की कारने गावी जाणारे दोन-चार जण हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. बाईकवाल्यांचा प्रश्नच नाही, समृद्धीवर टू-व्हीलरला एन्ट्रीच नाहीये.

जुना रस्ता म्हणजे कसारा घाट, नाशिक, धुळे, जळगाव, मलकापूर, अकोला. अख्खा दिवस जातो. अकोला-अमरावती पट्टा मस्त झालाय (२०२२ च्या जूनमध्ये ७५ किमी डांबरीकरणाचा गिनीज रेकॉर्ड झाला तो हाच), पण रस्ता कितीही गुळगुळीत करा, गावं तिथंच आहेत ना. डिव्हायडरच्या कटमधून अचानक निघणारी बाईक, तीन सीट, हेल्मेट नाही, आणि पंपावर जायला राँग साइडने येणारे तर विचारूच नका. २०२२ मध्ये राज्यात अपघातात १५,२२४ माणसं गेली, त्यात सगळ्यात जास्त टू-व्हीलरवाले, आणि या रस्त्यावरून गेलं की ते का ते कळतं. मागच्या वर्षी मलकापूरच्या अलीकडे अंधार पडल्यावर कापसाची ट्रॉली समोर, मागे लाइट नाही रेडियम नाही, पलीकडून ट्रकचा अप्पर डोळ्यात, मी ब्रेक दाबला तेव्हा बॉनेट आणि ट्रॉलीत दोन हात अंतर राहिलं असेल नसेल.

समृद्धीवर यातलं काहीच नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून भिवंडीजवळून थेट चढता येतं, कसारा घाट वाचतो, कारंजाला उतरलं की अमरावती जवळच. टोल हजाराच्या वर जातो, जाऊ दे. पण इथं दुसऱ्याच्या चुकीपेक्षा आपलीच भीती जास्त. सरळसोट काँक्रीट, कारला १२० ची लिमिट, करायला काही नाही. मेहकरच्या आसपास भर दुपारी, पोटभर जेवण झालेलं, बायको काहीतरी सांगत होती आणि मी हो हो म्हणत होतो, शेवटी तिने दंडाला चिमटा काढला तेव्हा गाडी डिव्हायडरकडे सरकत होती. झोपेत पुढच्या उभ्या ट्रकमध्ये घुसणं, टायर फुटणं, इथले अपघात असेच. १ जुलै २०२३ ला रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले.

टायरचं तेवढं बघाच. साइडवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. एवढा जुना टायर शहरात चालून जातो, इथं तासन् तास शंभरच्या वर पळवला तर भरवसा नाही.

माझं मत विचाराल तर पहाटे पाचला निघणार असाल तर समृद्धीच, डोळे झाकून (गंमत करतोय, उघडे ठेवून), दर दोन तासांनी खाली उतरायचं, भूक नसली तरी. ऑफिस सुटल्यावर निघून रात्रभर गाडी मारायचा बेत असेल तर दोन्ही नको. तरी निघणारच असाल तर जुन्या रस्त्याने धुळ्यापर्यंत जा, लॉजवर झोपा, उरलेलं उजाडल्यावर. आणि बायकोला मागे पोरांजवळ बसवू नका, चिमटा काढायला शेजारी कोणीतरी पाहिजे.