करणीचिन्हं एका पातळीत: मॅथस्ट्रट की स्मॅश?

लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर छपाईसाठी जुळवणाऱ्या प्रणालीत, एक्स, वाय आणि झेड यांची वर्गमूळं शेजारी मांडली की मधलंच करणीचिन्ह (√) खाली घसरतं. वायची शेपटी ओळीखाली लोंबते ना!

मॅथस्ट्रट ही आज्ञा प्रत्येक मुळाखाली कंसाच्या उंची-खोलीचा, शून्य रुंदीचा अदृश्य खांब उभा करतं. चिन्हं सारखी होतात, पण सगळीच थोराड. परिच्छेदातल्या ओळीत डोळ्यांना खुपतात.

एएमएसमॅथ या लाटेकच्या जोड-पॅकेजमधली स्मॅश ही आज्ञा, चौकटी कंसात बी (म्हणजे बॉटम, खालची बाजू) देऊन, नुसत्या वायला लावा. शेपटी छापली जाते, पण तिची खोली हिशेबात धरली जात नाही. माझा कौल यालाच.

मात्र ए, डी, वाय असं त्रिकूट असेल तर डी उंचीतही वेगळा, तिथे मॅथस्ट्रटच. आणि मुळाला लगटून एक्स आला, तर दोन्ही बिनकामाची: बॅकस्लॅश-स्वल्पविराम देऊन बारीकशी फट सोडायची.