ईगल फोरम, हेरिटेज अ‍ॅक्शन की अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी: वेळ आणि वर्गणी कुणाला द्यावी?

अमेरिकेत उजव्या विचारांच्या एखाद्या दबावगटाला हातभार लावायचं मनात असेल, तर ही तीन नावं हमखास समोर येतात. तिन्ही संस्था सामान्य नागरिकांना हाताशी धरून लोकप्रतिनिधींवर दबाव आणतात. तिन्ही कमी कर आणि मर्यादित सरकार यांच्या बाजूच्या. त्यामुळे कुठलीही निवडली तरी चालेल असं वाटतं, पण स्थलांतर, आयातशुल्क आणि गर्भपात या तीन विषयांवर त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या आहेत की, चुकीच्या संस्थेला दिलेली वर्गणी तुमच्याच मताविरुद्ध वापरली जाऊ शकते. भाऊ अमेरिकी नागरिक आणि बहीण अजून एच-१बी व्हिसावर, अशा न्यू जर्सी-टेक्ससमधल्या मराठी घरांनी तर हे आधीच नीट पाहायला हवं.

ईगल फोरम: घराघरांतून चालणारी चळवळ

कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली यांनी १९७२ मध्ये स्त्री-पुरुष समान हक्क घटनादुरुस्तीच्या विरोधात मोहीम उघडली आणि त्यातूनच ईगल फोरम उभी राहिली. ही दुरुस्ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मोठ्या बहुमताने संमत केली होती. ३८ राज्यांची मान्यता हवी होती, ३५ मिळाल्या. मुदत ३० जून १९८२ पर्यंत वाढवूनही आकडा तिथेच अडला. त्यामागची कामाची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात श्लाफ्लींच्या बाजूच्या गृहिणी घरी भाजलेला पाव आणि जॅमच्या बाटल्या घेऊन आमदारांच्या दारात उभ्या राहत. वॉशिंग्टनमध्ये धडका मारण्यापेक्षा मोजक्या राज्यांतल्या काठावरच्या आमदारांना गाठायचं, आणि तेही त्यांच्याच मतदारसंघातल्या बायकांनी, हा त्यातला हिशेब होता. इलिनॉयने तर मान्यतेसाठी साध्या बहुमताऐवजी तीनपंचमांश मतांची अट ठेवली होती, त्यामुळे थोडी मतं फिरली तरी काम फत्ते होई.

संस्थेची भूमिका स्पष्ट आहे: गर्भपाताला विरोध, शिक्षणात केंद्र सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध (कॉमन कोअर या राज्याराज्यांतल्या शाळांसाठीच्या समान शैक्षणिक निकषांविरुद्ध तिने जोरात काम केलं), आंतरराष्ट्रीय करारांबद्दल संशय, बेकायदा स्थलांतरितांना माफी नको. श्लाफ्ली मुक्त व्यापार करारांवर कडाडून टीका करत आणि एच-१बी व्हिसालाही त्यांचा वर्षानुवर्षं विरोध होता. ईगल फोरमच्या कार्यकर्त्यांमध्ये आजही ही धारणा पक्की आहे.

एक मुद्दा बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या कलमाखाली राज्यांनी मिळून घटनादुरुस्तीसाठी अधिवेशन बोलवावं, अशी मागणी उजव्या बाजूच्याच 'कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स' या मोहिमेची आहे. २०२२ पर्यंत १९ राज्यांनी तसा ठराव केला होता, ३४ लागतात. ईगल फोरमचा याला ठाम विरोध आहे, कारण एकदा अधिवेशन भरलं की त्याला कुठल्याच विषयाची मर्यादा घालता येणार नाही, अशी तिला धास्ती वाटते. त्यामुळे राज्याच्या विधिमंडळात एकाच सुनावणीत दोन्ही बाजूंना कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्ते बसलेले दिसतात. तुम्हाला हे अधिवेशन हवं असेल, तर ईगल फोरम तुमच्यासाठी नाही.

देणगीदारांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा देण्यावरून श्लाफ्ली आणि संचालक मंडळातला एक गट यांच्यात फाटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्लाफ्ली वारल्या. आता 'ईगल फोरम' आणि 'फिलिस श्लाफ्ली ईगल्स' अशा मिळत्याजुळत्या नावांच्या दोन वेगळ्या संस्था आहेत. चेक लिहिण्यापूर्वी नाव पूर्ण वाचा.

हेरिटेज अ‍ॅक्शन: गुणपत्रिकेचा धाक

हेरिटेज फाउंडेशन ही १९७३ पासूनची धोरण अभ्यासणारी संस्था. तिला उघड लॉबिंगवर कायद्याने मर्यादा आहेत, म्हणून २०१० मध्ये हेरिटेज अ‍ॅक्शन ही जोडसंस्था काढली गेली. तिचं मुख्य हत्यार म्हणजे लोकप्रतिनिधींची गुणपत्रिका. एखाद्या विधेयकावर मतदान होण्याआधीच 'हे मत आम्ही मोजणार' असं जाहीर केलं जातं. मग प्रत्येक सदस्याला शंभरपैकी किती, ते प्रसिद्ध होतं. 'सेंटिनल' नावाने नोंदवलेले स्वयंसेवक तो आकडा घेऊन मतदारसंघातल्या सभांत प्रश्न विचारतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात.

या पद्धतीची ताकद आणि तिचा तोटा, दोन्ही २०१३ मध्ये दिसले. शेती विधेयकातून गरिबांच्या अन्नसाहाय्याची योजना वेगळी काढा, अशी संस्थेची मागणी होती. रिपब्लिकन नेतृत्वाने ती मान्य करून फक्त शेतीचं विधेयक आणलं, तरीही हेरिटेज अ‍ॅक्शनने त्याला विरोधच केला. चिडलेल्या रिपब्लिकन स्टडी कमिटीने (काँग्रेसमधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह रिपब्लिकन सदस्यांच्या गटाने) हेरिटेजच्या लोकांना आपल्या साप्ताहिक बैठकीत येण्यास बंदी केली. त्याच वर्षी ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याचा निधी तोडण्याच्या आग्रहातून १ ऑक्टोबरपासून १६ दिवस केंद्र सरकारचं काम ठप्प झालं आणि शेवटी निधी काही तुटला नाही. आमच्या मते गुणपत्रिकेच्या राजकारणाचा धडा इथे आहे: आकड्याच्या भीतीने सदस्य एकदा 'नाही' म्हणतो, पण तडजोड घडवून आणायला तो आकडा उपयोगी पडत नाही.

गुणपत्रिका वाचताना टक्केवारीवर थांबू नका. कोणकोणती मतदानं मोजली, त्यात प्रत्यक्ष कायद्यावरची किती आणि कामकाजाच्या प्रक्रियेवरची किती, हे उघडून पाहा. तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विधेयकावर सदस्याने तुमच्या मनासारखं मत दिलं असेल आणि नेमक्या त्यामुळेच त्याचे गुण कमी झाले असतील, असं होऊ शकतं.

भूमिका: गर्भपातविरोध, सीमेवर कडक बंदोबस्त, मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा. असा पुरावा मागणारा सेव्ह कायदा हाऊसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, एप्रिल २०२५ मध्ये संमत केला. अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी मतदाराच्या दृष्टीने, तो लागू झाला तर, याचा अर्थ पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवणं, आणि त्यावरचं नाव सध्याच्या नावाशी जुळतंय का ते पाहणं. परराष्ट्र धोरणातही ही संस्था पूर्वीपेक्षा बदलली आहे: मे २०२२ मध्ये युक्रेनला सुमारे ४० अब्ज डॉलर देण्याच्या विधेयकाला तिने विरोध केला. व्यापाराबाबत मात्र हेरिटेजच्या गोटातच एकमत नाही. हेरिटेजने नव्या रिपब्लिकन सरकारसाठी आखलेल्या 'प्रोजेक्ट २०२५'च्या धोरणग्रंथात व्यापारावर दोन परस्परविरोधी लेख शेजारीशेजारी छापले आहेत, एक आयातशुल्काच्या बाजूने आणि एक मुक्त व्यापाराच्या. त्याच ग्रंथात एच-१बी फक्त अव्वल दर्जाच्या कुशल लोकांपुरता ठेवावा, अशी शिफारस आहे.

अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी: पैसा, अ‍ॅप आणि दारोदार फिरणं

१९८४ च्या सिटिझन्स फॉर अ साउंड इकॉनॉमी या संस्थेचे पुढे दोन तुकडे झाले. २००४ मध्ये एकातून फ्रीडमवर्क्स झाली आणि दुसऱ्यातून अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी, म्हणजे एएफपी. फ्रीडमवर्क्स मे २०२४ मध्ये बंद पडली. एएफपी उद्योगपती कोक बंधूंच्या पाठबळावर वाढली आणि आज बहुसंख्य राज्यांत तिच्या पगारी कर्मचाऱ्यांच्या शाखा आहेत. इथे स्वयंसेवकाचं काम घरी बसून पत्रं लिहिण्यापुरतं नसतं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गल्लीतली कुठली घरं ठोठवायची ते दिसतं, आणि दारातलं उत्तर तिथल्या तिथे नोंदवायचं असतं.

तिचा भर राज्यांवर किती आहे, हे टेनेसीत दिसलं. तिथले रिपब्लिकन गव्हर्नर बिल हॅसलम यांनी मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेच्या निधीतून आरोग्यविमा वाढवण्याची योजना आणली. एएफपीने जाहिराती केल्या आणि लाल टी-शर्टमधले कार्यकर्ते सुनावणीला भरले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या सिनेटच्या समितीतच योजना संपली. स्वतःच्याच बाजूच्या गव्हर्नरला हरवायची तयारी, हे तिचं वैशिष्ट्य.

धोरणात कर, नियंत्रणं, वीज-इंधन, आरोग्य, शाळानिवड आणि फौजदारी न्यायसुधारणा. २०१८ च्या फर्स्ट स्टेप या तुरुंगसुधारणा कायद्यामागे ती होती. आयातशुल्काला तिचा विरोध आहे. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारच्या शुल्कांविरुद्ध कोक गटाने मोठी मोहीम काढली. गर्भपातावर ती काम करत नाही. आणि मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, कायदेशीर स्थलांतराच्या वाटा रुंद कराव्यात आणि लहानपणी अमेरिकेत आणलेल्या मुलांना कायम दर्जा द्यावा, या बाजूची ती आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यातली ७ टक्के, या १९९० च्या चौकटीत भारतीयांची रांग अडकली आहे. ती चौकट सैल व्हावी असं वाटत असेल, तर ईगल फोरम आणि हेरिटेजपेक्षा इथे तुमचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त.

कमकुवत बाजू अशी की, अजेंडा वरून ठरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या सुपर पॅकने (निवडणुकीवर अमर्याद खर्च करू शकणाऱ्या समितीने) रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी निकी हेली यांना पाठिंबा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्या हरल्यावर लगेच त्यांच्यावरचा खर्च थांबवला. दारोदार फिरणाऱ्यांना या निर्णयांत मत नव्हतं.

पैसे देण्याआधी

५०१-सी-४ प्रकारच्या, म्हणजे उघड लॉबिंग करू शकणाऱ्या, संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. ५०१-सी-३ प्रकारच्या (धर्मादाय) जोडसंस्थेला दिली तर मिळते, पण त्या संस्थेला लॉबिंगची मर्यादा असते. तिने लॉबिंगचा खर्च मोजण्याचा ठरावीक पर्याय स्वीकारला असेल, तर ही मर्यादा पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के, पुढे कमी होत जाणारी टक्केवारी, आणि एकूण कमाल १० लाख डॉलर अशी असते; जनतेमार्फत दबाव आणण्यावर त्या रकमेचा चौथा हिस्साच खर्चता येतो. पावतीवर कुठल्या संस्थेचं नाव आहे, यावर सगळं अवलंबून. तुमचं नाव उघड होण्याची धास्ती असेल तर कायदा सध्या देणगीदाराकडे झुकलेला आहे: एएफपीच्याच फाउंडेशनने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये, सहा विरुद्ध तीन मतांनी, धर्मादाय संस्थांनी मोठ्या देणगीदारांची यादी द्यावी ही कॅलिफोर्नियाची सक्ती रद्द केली.

संस्था खरंच कशावर काम करते हे पाहायला तिचा ९९० फॉर्म (करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र) आणि सिनेटच्या संकेतस्थळावरचा तिमाही लॉबिंग अहवाल उघडा. अहवालात विधेयकांचे क्रमांक असतात. मात्र केंद्राच्या कायद्यात जनतेला फोन करायला लावण्याचा खर्च दाखवण्याची सक्ती नाही. त्यामुळे अहवालातला आकडा लहान दिसला म्हणून संस्था निष्क्रिय आहे असं समजू नका.

एच-१बीवर असलेली व्यक्ती लोकप्रतिनिधीला फोन करू शकते, सभेला जाऊ शकते. पण ग्रीन कार्ड मिळेपर्यंत उमेदवाराला, पॅकला (निवडणुकीसाठी निधी गोळा करणाऱ्या समितीला) किंवा सुपर पॅकला एक डॉलरही देऊ नये. केंद्राच्या कायद्याने त्यावर बंदी आहे. अशा संस्थांच्या पानांवर सी-४ आणि सुपर पॅकची देणगीची बटणं सारखीच दिसू शकतात, म्हणून खालचा बारीक मजकूर वाचावा.

फोन करायचा असेल तर २०२-२२४-३१२१ हा कॅपिटलचा स्विचबोर्ड. आधी आपला पिनकोड म्हणजे झिप कोड सांगा, मग विधेयकाचा क्रमांक, मग 'बाजूने' की 'विरोधात', आणि एका वाक्यात तुमच्या घरावर किंवा धंद्यावर होणारा परिणाम. संस्थेने दिलेला मजकूर जसाच्या तसा ईमेल केला तर कार्यालयात तो गठ्ठ्याने मोजला जातो. कागदी पत्र २००१ च्या अँथ्रॅक्स हल्ल्यांपासून तपासणीतून जातं आणि उशिरा पोहोचतं, म्हणून मतदान आठवडाभरावर आलं असेल तर पत्र पाठवू नका, फोनच करा.