सिस्टमसीटीएल: ताकद भरपूर, बोलणं तुटक

शाहूपुरीतली गुळाची अडत असो की शिरोली एमआयडीसीतलं फौंड्रीचं ऑफिस, पावसाळ्यात लाइट गेली-आली की कॉम्प्युटर नव्याने बूट करणं आलंच. मशीन जुनं असेल तर न लागणाऱ्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) उठेपर्यंत गिऱ्हाईक समोर ताटकळतं. त्यावर उबंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत आयतं आणि फुकट मिळणारं हत्यार म्हणजे सिस्टमसीटीएल, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करायची कमांड.

आधी 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' चालवा; कुठल्या सर्व्हिसला सुरू व्हायला किती वेळ लागला त्याची यादी मिळते. पण यादीत वरच्या नंबरला दिसली म्हणून सर्व्हिस बंद करू नका. बऱ्याच सर्व्हिस एकाच वेळी सुरू होतात. बूट नक्की कुणामुळे अडलं ते 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' सांगतं. नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' तिथे पुष्कळदा सापडते. सर्व्हरचा फोल्डर बूटलाच माउंट होत (जोडला जात) असेल तर तिला हात लावू नका, नसेल तर खुशाल बंद करा. ब्लूटूथचं काही वापरत नसाल तर ब्लूटूथची सर्व्हिसही. मोडेममॅनेजर मात्र डोंगलवर नेट चालतं का ते बघूनच.

आता खरी गोम. सिस्टमसीटीएलचं 'डिसेबल' फक्त बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणारी लिंक काढतं. चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते, म्हणून 'डिसेबल'ला '--नाउ' जोडायचं. तरीही ती परत उठू शकते: दुसऱ्या सर्व्हिसला गरज पडली, टायमर लागला किंवा सॉकेटवर (सर्व्हिसच्या वतीने वाट पाहणाऱ्या दारावर) कुणी टकटक केली की झालं. नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी आवाही-डीमन नुसती 'स्टॉप' केली तर आवाही-डीमन डॉट सॉकेट तिला जागं करतं. दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये द्या. अर्थात आवाही गेली की नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप दिसणं बंद होऊ शकतं. कुणामुळे उठतेय ते 'स्टेटस'मधल्या 'ट्रिगर्ड बाय' ओळीत कळतं.

पक्का बंदोबस्त 'मास्क'चा. युनिटचं (सर्व्हिस, सॉकेट वगैरेंना सिस्टमडीत युनिट म्हणतात) नाव थेट डेव्ह-नलला, म्हणजे रिकाम्या फाइलला, जोडलं जातं, मग हातानेही सुरू होत नाही. पण युनिट फाइल /etc/systemd/system या फोल्डरातच ठेवलेली असेल, तर 'फाइल आधीच आहे' म्हणून मास्क अडतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमुळे असं होतं. अशा वेळी डिसेबलवर भागवा.

दोन गोष्टींना मार्क कापावे लागतात. काही सर्व्हिसपुढे 'स्टॅटिक' असा शेरा दिसतो, पण अशी सर्व्हिस डिसेबल होत नाही, कारण तिच्या युनिट फाइलमध्ये इन्स्टॉल विभागच नसतो, हे नवख्याला कळत नाही. दुसरं, लॉगिननंतर डेस्कटॉप जे प्रोग्राम उघडतो ते सिस्टमसीटीएलच्या यादीत येत नाहीत. ते थांबवायला /etc/xdg/autostart मधली त्यांची .desktop फाइल त्याच नावाने आपल्या होम फोल्डरातल्या .config/autostart मध्ये कॉपी करून तिच्यात 'हिडन=ट्रू' लिहा.

डी-बस (प्रोग्रामांचे आपसातले निरोप पोचवणारी) आणि लॉगिनडी (लॉगिन सांभाळणारी) मास्क करू नका, लॉगिनचेच वांदे होतील. शंका असलेल्या सर्व्हिससाठी ग्रबमध्ये (बूट सुरू होताना येणाऱ्या मेनूत) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'सिस्टमडी डॉट मास्क=' आणि युनिटचं पूर्ण नाव लिहा. तेवढ्या एका बूटपुरतीच ती बंद राहते. काही बिघडलंच तर रीस्टार्ट करायचं.