कानातली घरघर आणि ती मिनिटात थांबवणारं मशीन

'कानातला आवाज घालवतो' अशी जाहिरात करणाऱ्या केंद्रात तुम्हाला खुर्चीत बसवतात. कानांवर मोठे हेडफोन चढवतात आणि त्यातून धबधब्यासारखा सलग आवाज सोडतात, साधारण मिनिटभर. मग बटण बंद करून विचारतात, "आता येतोय का हो कानात आवाज?" महिनोन्‌महिने रात्रंदिवस गुंई गुंई ऐकणाऱ्या माणसाला त्या क्षणी काहीच ऐकू येत नाही. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि आवाज परत यायच्या आत ॲडव्हान्स भरलेला असतो.

यात दाखवलेलं काहीच खोटं नसतं, म्हणून तर हा डाव इतका चालतो. कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात आवाज येणं, असलेल्या बऱ्याच जणांना असा सलग, मोठासा आवाज मिनिटभर ऐकवला की नंतर त्यांचा स्वतःचा आवाज काही सेकंद, कधी काही मिनिटं दबून राहतो. श्रवणतज्ज्ञ याला 'रेसिड्युअल इनहिबिशन' म्हणतात आणि तपासणीचा एक भाग म्हणून ते करूनही पाहतात. यात काहीही बरं झालेलं नसतं. मोबाइलवरच्या फुकट 'व्हाइट नॉइज'नेही हेच होऊ शकतं. खोटं असतं ते पुढचं वाक्य: "तीन महिने मशीन लावा, आवाज कायमचा जाईल." अशा ठिकाणी गेलाच असाल तर पैसे काढू नका. हेडफोन काढून बाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटं शांत बसा. तेवढा वेळ कोणी बसू देत नसेल तर उठून या.

नुसती शिट्टी किंवा गुंई येणाऱ्यांपेक्षा, जोडीला कानात घरघर, फडफड किंवा थरथर जाणवणारे लोक जास्त अडकतात. त्यांची घरघर येते-जाते, आणि येण्या-जाण्यावरच हा धंदा उभा आहे. मधल्या कानात दोन बारीक स्नायू असतात. एक, टेन्सर टिम्पनी, हातोडीच्या हाडाला जोडलेला. दुसरा, स्टेपिडियस, रिकिबीच्या हाडाला जोडलेला. तो जेमतेम सहा मिलिमीटरचा, शरीरात हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सगळ्यांत लहान. पहिला आवळला की पडदा आत ओढला जातो आणि खोल, ढगांच्या गडगडाटासारखा आवाज येतो. मोठी जांभई देताना कानात जे घुमतं, त्यात त्याचाच हात असतो. काही लोकांना तो मुद्दाम आवळताही येतो, आणि त्यात आजार काहीच नाही. हा स्नायू आपणहून उडायला लागला की पडद्याशी पतंग फडफडल्यासारखं वाटतं. भांडी आपटली, कुकरची शिट्टी झाली, दात आवळले गेले, दोन-तीन रात्री झोप झाली नाही, मन धास्तावलेलं असलं की हे वाढतं. मिरवणुकीतल्या डीजेसमोर उभं राहिल्यावरही सुरू होऊ शकतं. आणि पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप निवतं. त्या दिवसांत कानात कोणाचं तेल पडत होतं, श्रेय त्याला मिळतं आणि तो माणूस मनापासून चार जणांना तोच पत्ता देतो.

आता कॅमेऱ्याचं. कान कोरण्याच्या काडीला बसवलेले स्वस्त कॅमेरे सर्रास मिळतात, चित्र थेट मोबाइलवर दिसतं. स्वतःच्या कानाचा पडदा आयुष्यात पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं. निरोगी पडदा मोतिया राखाडी रंगाचा असतो. त्यावर उजेड पडला की एक लखलखीत त्रिकोण दिसतो, उजव्या कानात घड्याळाच्या पाचच्या जागी आणि डाव्या कानात सातच्या. "हे बघा, पाणी साचलंय" असं म्हणत बोट ठेवतात ते याच त्रिकोणावर. वरून मध्यापर्यंत उतरलेली पांढुरकी तिरपी रेघ म्हणजे हातोडीच्या हाडाचा दांडा. तिला 'सुकलेली नस' म्हणतात. कानाची नस बाहेरून कोणत्याही कॅमेऱ्याने दिसत नाही. ती आतल्या कानातून हाडामधून मेंदूकडे जाते. कॅमेऱ्यात 'नस' दाखवणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड, आणि दोन्हींपैकी कोणाच्याही हातात कान देऊ नये.

कानात मेणबत्ती लावून 'मळ ओढून काढणं' हाही असाच प्रकार. शेवटी मेणबत्तीचं बूड उकलून आतली पिवळी-तपकिरी भुकटी दाखवतात आणि बघणाऱ्याला शिसारी येते. तशीच मेणबत्ती रिकाम्या काचेच्या ग्लासावर धरून जाळा, तशीच भुकटी निघेल. ती जळलेल्या मेणाची आणि कापडाची असते. मेणबत्तीने कानात ओढ तयार होत नाही. उलट गरम मेण आत सांडून भाजण्याचे, पडद्याला भोक पडण्याचे प्रकार झाले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली यावर जाहीर इशारा दिला होता.

मॉलमध्ये किंवा दुकानाच्या पुढच्या खोलीत होणारी 'मोफत श्रवणचाचणी' जरा सभ्य दिसते, म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगायला हवं. चाचणीचे सूर २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत असतात. खोली आवाजबंद नसेल तर एसीची घरघर, रस्त्यावरची रहदारी हे खालच्या पट्टीतले आवाज २५० आणि ५०० हर्ट्‌झचे सूर गिळून टाकतात. तुम्ही बटण उशिरा दाबता, आलेख डावीकडे खाली उतरतो. मग ज्याची तक्रारच खोल घरघरीची आहे त्याला सांगितलं जातं, "खालच्या पट्टीची नस गेली, ऐकायचं मशीन लागेल." खऱ्या चाचणीत कानामागच्या हाडावर कंपक ठेवून हाडामार्गेही ऐकणं मोजतात. हवेतून येणारा आणि हाडातून येणारा आलेख सोबत ठेवल्याशिवाय दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, हे कळत नाही. हातात दिलेल्या कागदावर फक्त गोल आणि फुली असेल, हाडाच्या चाचणीचे कंस नसतील, तर त्या कागदाच्या जोरावर श्रवणयंत्र घेऊ नका. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, तो सांगायला संकोच वाटत नाही. बिलही बघा. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. 'श्रवणयंत्र' म्हणून दिलेल्या वस्तूवर जीएसटी लावलेला दिसला, तर बहुधा तुमच्या हातात सगळेच आवाज सरसकट मोठे करणारा साधा ॲम्प्लिफायर आहे. घरघर मोठ्या आवाजाने चाळवत असेल तर तो त्रास वाढवेल.

जाहिरात बघून मागवलेल्या, घरी येणाऱ्या पार्सलात बहुधा थेंब, कॅप्सूल आणि पथ्याचा कागद असतो. बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती उघडूच नका. पडद्याला भोक आहे की नाही हे न बघता तेल घालणं धोक्याचं आहेच, पण पावसाळी दमट हवेत, कोकणात तर फारच, तेलकट ओल्या कानात बुरशी धरते. मग खाज, ठणका आणि दडा बसणं हे नवं दुखणं मागे लागतं. कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा जिंको, झिंक, मेलाटोनिन यांची नावं दिसतील. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सततच्या त्रासदायक कर्णनादासाठी ही आणि इतर पूरक औषधं सुचवू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे.

पैसे जातात याचं दुःख आहेच, पण खरं नुकसान वेळेचं होतं. एका कानाचं ऐकू येणं अचानक, तीन दिवसांच्या आत उतरलं आणि सोबत गुंई किंवा घरघर सुरू झाली, तर ती तातडीची गोष्ट आहे. यात स्टिरॉइडचा उपयोग होतो तो लवकर दिल्यावर. पहिले दोन आठवडे मोलाचे. नेमके तेच दोन आठवडे कुरिअरची वाट बघण्यात जातात. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. सोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

बाकीच्या घरघरीची विभागणी घरी बसून बरीच करता येते, आणि ती करून गेलात तर डॉक्टरांचाही वेळ वाचतो. मनगटावर नाडी धरा आणि आवाज तिच्या ठोक्याबरोबर येतो का बघा. येत असेल तर हा वेगळा आजार समजून रक्तवाहिन्यांची तपासणी, गरजेप्रमाणे स्कॅन, शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघावं लागतं. डोकेदुखी आणि नजर अंधुक होणं सोबत असेल तर उशीर नको. श्वासाबरोबर कानात वारा वाहतो, स्वतःचं बोलणं घुमतं आणि आडवं झाल्यावर बरं वाटतं, तर घसा आणि कान जोडणारी नळी उघडी राहत असण्याची शक्यता आहे. डोळे घट्ट मिटल्यावर, जांभईत किंवा भांड्यांच्या आवाजाला फडफड उठते ती स्नायूची. कान भरल्यासारखा होतो, खोल घुमतं, ऐकू कमी-जास्त होतं आणि मध्येच गरगरतं, तर डॉक्टरांना मेनियरच्या, म्हणजे आतल्या कानाच्या एका आजाराचा विचार करावा लागतो. आणि एक सोपी खातरजमा: बोटाने कान नीट बंद करा. घुमणं कमी झालं तर आवाज बाहेरचा असू शकतो, सोसायटीच्या पंपाचा किंवा शेजारच्या कॉम्प्रेसरचा. हे सगळं आठवडाभर वहीत वेळेसह लिहा.

रुग्णालयात आधी कान बघतात. पडद्याला टेकलेला मळ किंवा एखादा केससुद्धा खरखर-घरघर करतो, आणि तो काढला की काम संपतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानात हवेचा दाब बदलून पडद्याची हालचाल मोजणं. फडफड चालू असताना टिम्पॅनोमीटरची नोंद लांबवली तर सरळ रेषेऐवजी करवतीसारखे दाते उमटू शकतात. म्हणून "त्रास होतोय तेव्हाच नोंद घ्याल का?" असं विचारा. मोठ्या आवाजाला मधल्या कानातला स्नायू आवळतो का हे बघणाऱ्या रिफ्लेक्सच्या चाचणीत मोठे सूर सोडतात. आवाज सहन होत नसतील तर आधीच सांगून ठेवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीच आहे, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग असतो.

उपचाराचं आश्वासन मोजूनमापून मिळतं, आणि इतकं झेललेल्या माणसाला ते थोडं वाटतं हे मान्य आहे. ऐकू कमी येत असेल तर नीट बसवलेलं श्रवणयंत्र. शांत खोलीत हळू आवाज, पण कर्णनाद झाकून टाकणारा नव्हे, त्याच्यापेक्षा किंचित खाली ठेवलेला. पंखा किंवा मोबाइल चालतो. भीती आणि झोप यांसाठी वर्तनोपचार. दात आवळण्याची सवय असेल तर दंतवैद्य. स्नायूचं उडणं फारच असह्य असेल आणि निदान पक्कं असेल तरच त्याची दोरी कापण्याची शस्त्रक्रिया, तीही क्वचित. 'शंभर टक्के गॅरंटी' हे शब्द यातल्या कोणत्याच उपचाराबरोबर येत नाहीत.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, बाटलीची चारही बाजूंनी छायाचित्रं जपून ठेवा. वस्तू किंवा सेवेच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. जाहिरातीत बहिरेपणा बरा करण्याचा दावा असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लिहा, कारण आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४च्या कायद्याच्या यादीत बहिरेपणा आहे.

यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. समोरचा माणूस तुमचं नाव, ऑर्डरची रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगतो आणि म्हणतो की कंपनी रिफंड देते आहे, आलेली रिक्वेस्ट स्वीकारून पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. फोन ठेवून द्या आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.