पहिल्या नॅरोबोट सहलीला कोणता कालवा: ऑक्सफर्ड की केनेट-एव्हन?

इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) भाड्याने घेणार असाल, तर माझं मत ऑक्सफर्ड कालव्याला. अठराव्या शतकातल्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने तो टेकड्यांच्या कडेकडेने वळवत नेला. कालव्याच्या सगळ्यात उंच, माथ्यावरच्या जवळपास ११ मैलांत एकही लॉक (बोट वर-खाली नेणारा, हाताने उघडायच्या दरवाजांचा पाण्याचा कप्पा) नाही, नुसती वळणं आणि कुरणं. लॉक जेमतेम ७ फूट रुंद, एका बोटीपुरते, त्यामुळे दोघांनाही झेपतात.

केनेट-एव्हन रुंद. लॉकमध्ये दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात, अनोळखी सोबत मिळते, पण दरवाजे चांगलेच जड. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल टेकडीवर तर २९ लॉक, त्यातले १६ चढावर एका ओळीत! सगळा दिवस तिथेच जातो. बाथ शहरापर्यंत बोटीनेच जायचं असेल आणि सोबत चार दणकट हात असतील, तरच हा निवडा.